ब्रश, चमचा आणि मावशी

नवा मोबाइल घ्यायचा म्हटलं की आपण काय काय करतो! कॅमेरा कसा आहे, बॅटरी किती तास टिकते, चार मित्रांना विचार, तीन दुकानं फिर, आणि मगच खिशात हात घाल. शाम्पूची तुलना, फेसवॉशची तुलना, एवढंच काय, टूथब्रश घेतानाही 'सॉफ्ट की मीडियम?' यावर पाच मिनिटं जातात. पण एक ब्रश असाही आहे, ज्याची तुलना करायचं कुणाच्या डोक्यात येत नाही. कारण तो बाथरूममध्ये नसतो, गायनॅकच्या टेबलावर असतो. आणि त्याच्याबद्दल चारचौघांत बोलायचं नसतं, असा आपल्याकडे अलिखित नियम!

आज हा नियम मोडू या. गर्भाशयाच्या मुखाचा कॅन्सर, म्हणजे आमच्या खानदेशातल्या बायकांच्या भाषेत 'पिशवीच्या तोंडाचा' कॅन्सर, वेळेत शोधायचा तर तिथला नमुना घ्यावा लागतो. तो घ्यायची साधनं वेगवेगळी आहेत. गेल्या काही वर्षांत आमच्या घरातल्या तिघींच्या वाट्याला त्यातली तीन वेगवेगळी साधनं आली. मी पुण्यात, आई जळगावात आणि मावशी धुळे जिल्ह्यातल्या तिच्या गावात. त्यामुळे तुलना आपोआपच झाली. (मुलांनो, पान उलटू नका. आई, बहीण, बायको यांपैकी कुणीतरी तुमच्याही घरात आहेच.)

आमच्याकडे या विषयाला एक काळी किनार आहे. माझी मोठी मामी याच आजारानं गेली. पाळी जाऊन बरीच वर्षं झालेली असताना तिला पुन्हा रक्त दिसायला लागलं. 'उष्णता झाली असेल', 'शेतात फार वाकते ना', अशी उत्तरं घरातल्याच बायकांनी दिली. सब्जाचं पाणी झालं, धन्याजिऱ्याचं पाणी झालं. दवाखान्यात पोचली तेव्हा आजार पिशवीच्या बाहेर पसरला होता. पन्नाशीसुद्धा पूर्ण झाली नव्हती तिची.

वाईट याचं वाटतं, की हा कॅन्सर रात्रीत होत नाही. एचपीव्ही नावाच्या विषाणूमुळे तो होतो. हे कोडं सोडवायला सुरुवात केली जर्मनीच्या हाराल्ड त्सूर हाउजेन यांनी. १९८३ साली त्यांच्या चमूनं या कॅन्सरच्या गाठीतून एचपीव्ही-१६ शोधून काढला आणि २००८ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. हा विषाणू अगदी कॉमन आहे. लग्न झालेल्या, संसारी, 'घरंदाज' बायकांनाही तो होतो आणि बहुतेकींच्या शरीरातून वर्ष-दोन वर्षांत आपसूक निघून जातो. थोड्या जणींमध्ये मात्र तो मुक्काम ठोकतो. तिथून कॅन्सर व्हायला साधारणपणे पंधरा ते वीस वर्षं लागतात. पंधरा वर्षं! एवढ्या काळात एकदा तरी कुणी डोकावून पाहिलं असतं, तर मामी आज नातवंडांना कळण्याची भाकरी करून घालत असती.

पहिला नंबर : लाकडी चमचा

या तपासणीचं सगळ्यांना ठाऊक असलेलं नाव म्हणजे पॅप स्मिअर. ते जॉर्ज पापानिकोलाउ या ग्रीक डॉक्टरांवरून पडलं. न्यूयॉर्कमध्ये काम करताना त्यांना रोजच्या रोज नमुना देणारी बाई हवी होती. ती कोण मिळाली? घरचीच! त्यांच्या बायकोनं, आंद्रोमाखीनं, वर्षानुवर्षं स्वतःचे नमुने दिले. टेस्टला नाव नवऱ्याचं लागलं, हे वेगळं सांगायला नकोच.

सुरुवातीला नमुना काचेच्या नळीनं ओढून घेत. १९४७ मध्ये अर्नेस्ट आयर या डॉक्टरांनी एक साधी युक्ती काढली. आइस्क्रीमच्या लाकडी चमच्यासारखी एक पट्टी घ्यायची, तिचं टोक पिशवीच्या तोंडाच्या आकाराचं कापायचं आणि तिथं टेकवून एक पूर्ण गोल फिरवायचं. कॅन्सर जिथं सुरू होतो, नेमक्या त्या कडेवरच्या पेशी खरवडून येतात. स्वस्त, साधी, फेकून देण्याजोगी. आजही आपल्याकडे कित्येक ठिकाणी हीच 'आयर स्पॅच्युला' वापरतात.

माझ्या मावशीच्या वाट्याला हीच आली. २०२३ च्या उन्हाळ्यात तिच्या गावाजवळ शिबिर भरलं होतं. मे महिन्यातलं धुळ्याकडचं ऊन ज्यानं पाहिलंय त्यालाच ते कळेल. मावशी जायलाच तयार नव्हती. "माय वं, माले लाज वाटस," हे तिचं एकच पालुपद. शेवटी आशाताई घरी आल्या, शेजारच्या चौघी निघाल्या, तेव्हा कुठे तीही निघाली. मंडपामागं पडदा लावलेली खोली, लोखंडी टेबल. चोचीसारखं उघडणारं ते थंडगार साधन, स्पेक्युलम, तिनं आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं. त्यानंतर लाकडी चमचा, नंतर काच, आणि 'झालं, उतरा'.

दीड महिन्यानं रिपोर्ट आला. तोही इंग्रजीत. मावसभावानं मला फोटो पाठवला. मथितार्थ एवढाच, की नमुना अपुरा आहे, पेशी वाळलेल्या आहेत, पुन्हा घ्यावा.

इथं चमच्याची गोची लक्षात घ्या. चमच्यावरच्या पेशी काचेवर पसरवल्या की ती काच ताबडतोब अल्कोहोलमध्ये बुडवावी लागते. ताबडतोब म्हणजे तिथल्या तिथं. रांगेत पन्नास बायका, हाताशी एक मदतनीस आणि बाहेर रणरणतं ऊन. अशा वेळी काच क्षणभर बाजूला राहिली की पेशी सुकतात आणि मायक्रोस्कोपखाली त्यांचं काही धड दिसत नाही. शिवाय मावशी तेव्हा बावन्न वर्षांची होती, पाळी गेलेली. या वयात ती महत्त्वाची कड पिशवीच्या तोंडातून आतल्या नळीत सरकते. साधा चमचा तिथवर पोचतोच असं नाही.

"आता परत जा," असं मी फोनवर म्हटलं. त्यावर मावशीचं उत्तर तयार होतं. "एकडाव लिधं ना? माले काय बी व्हयेल नही." विषय संपला.

दुसरा नंबर : छोटी केरसुणी

आता माझी कथा. ऑफिसच्या वार्षिक हेल्थ चेकअपचं पॅकेज. एसी वेटिंग रूम, मंद गाणी, फळांचा रस. लिस्टमध्ये शेवटून दुसरी ओळ : पॅप स्मिअर. माझ्या पुढच्या मुलीनं ती ओळ सरळ खोडली. "यार, नको ते ऑकवर्ड," असं म्हणून ती डोळे तपासायला पळाली. मामीची आठवण असल्यामुळे मी मात्र आत गेले.

माझ्यासाठी डॉक्टरांनी काढला तो प्लास्टिकचा ब्रश होता. मऊ, लवचीक दातांचा, मधले दात लांब आणि कडेचे आखूड. अगदी छोटी केरसुणीच! मधले दात आतल्या नळीत जातात, कडेचे बाहेरून फिरतात. एकाच दिशेनं पाच वेळा फिरवला, की काम झालं. दुखलं का? नाही. विचित्र वाटलं का? हो, अर्धा मिनिट. आयब्रो करताना यापेक्षा जास्त पाणी येतं डोळ्यांत.

याचा तिसरा भाऊही असतो. दिसायला थेट मस्काऱ्याचा ब्रश. तो फक्त आतल्या नळीसाठी. पाव ते अर्धा वेढा, बस. जास्त फिरवला तर रक्त येतं. गरोदर बाईला तो सहसा वापरत नाहीत. या साधनांची आपापसांत तुलना करणारे अभ्यास जगभर झाले आहेत आणि त्यांचं तात्पर्य सोपं आहे. साध्या आयर चमच्यापेक्षा लांब टोकाचा चमचा बरा आणि चमच्याच्या जोडीला मस्कारा-ब्रश असेल तर आतल्या पेशी मिळण्याची खात्री आणखी वाढते.

पण माझ्या आणि मावशीच्या तपासणीत खरा फरक ब्रशच्याही पुढचा होता. माझा ब्रश काचेवर घासलाच नाही. त्याचं डोकं थेट द्रावणाच्या बाटलीत गेलं. ऊन असो, पाऊस असो, पेशी सुकायचा प्रश्नच नाही. इंग्लंडनं २००३ नंतर सगळा देश काचेवरून बाटलीवर आणला, तेव्हा 'नमुना अपुरा' असे शेरे नऊ टक्क्यांच्या आसपास होते, ते दोन-तीन टक्क्यांवर आले. शिवाय त्याच बाटलीतून एचपीव्हीची टेस्टही करता येते.

म्हणजे केरसुणी जिंकली? थांबा. बाटली महाग, तिची मशीन महाग, आणि पेशी बघून निदान करणारा तज्ज्ञ तर लागतोच. तो गावोगावी कुठून आणणार?

आता जरा बार्शीला जाऊ

मावशीचा रिपोर्ट मी माझ्या पुण्यातल्या डॉक्टरांना दाखवला. त्यांनी चष्मा वर केला आणि विचारलं, "बार्शीचं काम माहितीय?" सोलापूर जिल्ह्यातली बार्शी? मला बार्शी लाइट रेल्वे तेवढी माहीत!

त्यांनी जे सांगितलं ते ऐकून मी खुर्चीतच सरळ झाले. तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात १९९९ पासून एक प्रचंड मोठा अभ्यास झाला. बार्शीचं नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटल, मुंबईचं टाटा मेमोरियल आणि जागतिक आरोग्य संघटनेची फ्रान्समधली कॅन्सर संशोधन संस्था यांनी मिळून तो केला. ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ बायका. खेड्यांचे ५२ गट, त्यांची चार भागांत वाटणी. एका भागात पॅप स्मिअर. दुसऱ्या भागात 'व्हाया', म्हणजे पिशवीच्या तोंडाला पातळ ॲसिटिक ॲसिड, आपलं व्हिनेगरच, लावून मिनिटभरानं पांढरे डाग दिसतात का ते नुसत्या डोळ्यांनी बघायचं. तिसऱ्या भागात नमुना घेऊन थेट एचपीव्हीची टेस्ट. आणि चौथ्या भागात फक्त नेहमीची सेवा आणि माहिती. (या चौथ्या भागातल्या बायकांना तपासणी न देणं योग्य होतं का, यावर पुढे बरीच टीकाही झाली. ती रास्त होती, असं मलाही वाटतं.)

आठ वर्षांच्या पाठपुराव्यानंतरचा निकाल २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. आयुष्यात फक्त एकदा एचपीव्ही टेस्ट देऊ केलेल्या गटात या कॅन्सरनं ३४ बायका गेल्या; तपासणी नसलेल्या गटात ६४. दोन्ही गट साधारण सारखेच मोठे. म्हणजे मृत्यू जवळपास निम्म्यावर! पॅप आणि व्हायाच्या गटांत मात्र असा ठळक फरक दिसला नाही. जगातल्या कित्येक देशांनी पॅपकडून एचपीव्हीकडे वळताना ज्या पुराव्यांकडे बोट दाखवलं, त्यात आपल्या मराठवाड्यातल्या शेतकरणींचे नमुने आहेत. आहे ना कॉलर टाइट करण्यासारखी गोष्ट?

व्हायाला लगेच बाद करू नका हं. मुंबईच्या वस्त्यांमध्ये टाटाच्या डॉ. सुरेंद्र शास्त्री आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दीड लाख बायकांवर तोच प्रयोग केला. निदान दहावी झालेल्या कार्यकर्त्या, चार आठवड्यांचं प्रशिक्षण, आणि दर दोन वर्षांनी अशा चार फेऱ्या. मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाले; हा निकाल २०१४ मध्ये छापून आला. म्हणजे साधं साधनसुद्धा चालतं. अट एकच. पुन्हा पुन्हा, नेमानं जायला हवं. २०१६ च्या केंद्राच्या सूचनांतही ३० ते ६५ वयाच्या बायकांची दर पाच वर्षांनी व्हाया करावी, असं म्हटलंय. फक्त पाळी गेल्यावर ती कड आत सरकते, हे व्हायालाही लागू आहेच. जे दिसतच नाही त्याच्यावर डाग कसा दिसणार?

तिसरा नंबर : आपला हात जगन्नाथ

"तुमच्या मावशींना टेबलाचीच भीती आहे ना? मग टेबलच काढून टाकू," असं म्हणत डॉक्टरांनी दोन पाकिटं माझ्या हातात ठेवली. आत बोटाएवढी प्लास्टिकची नळी आणि तिच्यात लपलेला मऊ ब्रश. स्वतःचा नमुना स्वतः घ्यायचा. हात धुवायचे, नळी आत सरकवायची, मागचा दट्ट्या दाबून ब्रश बाहेर काढायचा, पाच वेढे द्यायचे, ब्रश परत नळीत, टोपण बंद. पिशवीच्या तोंडाला तो अचूक लागलाच पाहिजे, असंही नाही. विषाणू योनिमार्गातल्या नमुन्यातही सापडतो.

माझी पहिली शंका तीच होती, जी तुमच्या मनात आली असेल. घरी घेतलेल्या नमुन्याचा काय भरवसा? तर २०१८ मध्ये जगभरातल्या ५६ अभ्यासांचं गणित मांडून निष्कर्ष निघाला, की टेस्ट पीसीआर पद्धतीची असेल, तर बाईनं स्वतः घेतलेला नमुना डॉक्टरनं घेतलेल्या नमुन्याइतकाच कामाचा असतो. (पीसीआर! कोविडनं हा शब्द आपल्या आजीलाही शिकवलाय.) जागतिक आरोग्य संघटनेनं २०२१ मध्ये एचपीव्ही टेस्टला पहिली पसंती दिली आणि स्वतः घेतलेला नमुनाही चालेल असं सांगितलं. ऑस्ट्रेलियानं जुलै २०२२ पासून प्रत्येक बाईला 'तुम्ही घेता की आम्ही घेऊ?' ही निवड दिली.

एक मर्यादा मात्र पक्की लक्षात ठेवायची. हा ब्रश विषाणू शोधतो, बिघडलेल्या पेशी नाही. पॉझिटिव्ह आला म्हणजे कॅन्सर झाला असं नाही, पण मग डॉक्टरांकडे जाणं चुकत नाही.

दिवाळीत मावशी जळगावला आमच्याकडे आली. मी फराळाच्या वेळी विषय काढला. आई शाळेत शिक्षिका होती, तिनं चष्मा लावून सूचनांचा कागद दोनदा वाचला आणि 'चल, मीच आधी' म्हणत न्हाणीघरात गेली. पाच मिनिटांत बाहेर. मग मावशीनं नळी हातात घेऊन उलटसुलट करून पाहिली.

"हाई? इतलंसंच?"

"एवढंच. आणि बघायला कुणी नाही."

बाहेर आली तेव्हा ती चक्क हसत होती. "हाई तं नथ घालण्यापेक्षा सोपं शे!" दोन नळ्या चिवड्याच्या डब्याशेजारी माझ्या बॅगेत बसून पुण्याला आल्या. कोरड्या ब्रशचा हा मोठाच फायदा, फ्रिज नको की बर्फ नको.

आईचा रिपोर्ट निगेटिव्ह. मावशीचा पॉझिटिव्ह. एचपीव्ही-१६. तोच तो, नोबेलवाला.

त्या रात्री मी तिला फोन केला. मामीचं नाव आम्ही दोघींनीही घेतलं नाही, पण ती फोनवर आमच्या दोघींच्या मध्ये बसलेली होती. मावशी बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "आते त्या टेबलवर जावाच पडी ना?" मी म्हटलं, "हो. या वेळी मी बरोबर असेन."

धुळ्यातल्या एका दवाखान्यात भिंगातून तपासणी झाली, म्हणजे कोल्पोस्कोपी. तुकडा काढला, तपासायला गेला. कॅन्सर नव्हता. कॅन्सरच्या आधीची पायरी होती, वरच्या दर्जाची. तेवढ्या भागाला भूल देऊन, वीज सोडलेल्या तारेच्या बारीक वेटोळ्यानं डॉक्टरांनी तो बिघडलेला भाग काढून टाकला. मावशी त्याच संध्याकाळी घरी. पिशवी जागेवर, मावशी जागेवर. पुढे ठरल्या वेळी पुन्हा टेस्ट द्यायची आहे आणि ती तारीख तिनं स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर स्वतः गोल करून ठेवलीय.

मग जिंकलं कोण?

रिव्ह्यूच्या शेवटी स्टार द्यायची पद्धत आहे. प्रयोगशाळेत बघाल तर केरसुणी चमच्याला हरवते आणि बाटली काचेला हरवते. पण हे फरक त्या बायकांमधले, ज्यांचा नमुना घेतला गेला. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत ३० ते ४९ वयाच्या भारतीय स्त्रियांपैकी ही तपासणी कधीतरी झालेल्यांचं प्रमाण दोन टक्क्यांहूनही कमी निघालं. शंभरातल्या अठ्ठ्याण्णव जणींच्या नशिबी ना चमचा, ना केरसुणी! आणि २०२२ च्या जागतिक अंदाजानुसार आपल्या देशात एका वर्षात सव्वा लाखाहून जास्त बायकांना हा कॅन्सर होतो आणि ८० हजारांच्या आसपास बायका जातात. त्यातल्या किती जणींना कुणीतरी 'उष्णता झाली असेल' म्हणालं असेल?

म्हणून माझे पाच स्टार त्या साधनाला, जे बाई खरंच वापरेल. माझ्यासाठी ती डॉक्टरांच्या हातातली केरसुणी होती. मावशीसाठी ती न्हाणीघरातली नळी होती. तुमच्या गावातल्या काकूसाठी आरोग्य केंद्रातल्या सिस्टरच्या हातातलं व्हिनेगरही असू शकेल. फक्त नमुना दिला म्हणजे संपलं नाही. रिपोर्ट कुणीतरी मागून आणला पाहिजे, तिला तिच्या भाषेत समजावला पाहिजे आणि गरज पडली तर तिच्याबरोबर एसटीत बसलं पाहिजे. ही कामं करणारा ब्रश अजून निघालेला नाही. ती आपणच करायची.

तिशी ओलांडली असेल तर पुढच्या वेळी गायनॅकला थेट विचारा, 'एचपीव्ही टेस्ट करता का? नमुना कशानं घेता?' पाळी गेल्यावर रक्त दिसलं, संबंधांनंतर रक्त आलं, तर कुठल्याही ब्रशची वाट न बघता सरळ डॉक्टर गाठा. तिथं घरी बसून नमुना घ्यायचा नाही. घरात नऊ ते चौदाची मुलगी असेल तर लशीबद्दलही विचारा. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची देशी लस २०२३ मध्ये आली आहे.

राहता राहिली माझी वहिनी, मामीची सून. वय छत्तीस. तिचा परवाच मेसेज आला : 'ते मावशींनी केलं ते कुठे मिळतं?' पाकीट आणून ठेवलंय. या शनिवारी जळगावला जातेय.